रेडिओला ओठ नव्हते

वाघ मला आयुष्यात दोनदा आडवा आला आणि दोन्ही वेळा वाट वाघानेच बदलली. शिप्रेच्या पुरात मी एकदा म्हशीच्या पाठीवर बसून राम घाटापासून थेट मंगळनाथापर्यंत गेलो आणि उतरताना म्हशीला भाडं विचारलं. सगळं खरं आहे. साक्षीदार म्हणाल, तर म्हैस आता हयात नाही. पण माझे गुडघे एकमेकांवर आपटून वाजले ते आयुष्यात एकदाच, आणि तेही एका लाकडी खोक्यापुढे. ते खोकं मुलींच्या सरकारी शाळेत, टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली बसलेलं असे. रेडिओ होता तो.

त्या वर्षी आमचं राज्य मोडून नवं होणार होतं. आजोबा ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीत होते, वडील मध्यभारत सरकारच्या, आणि वडील गेल्यावर आई त्या शाळेत शिकवायला लागली. राज्यं बदलली, कागदांवरचे शिक्के बदलले, पण घरात पोळी सरकारी नोकरीचीच. आता मध्य प्रदेश नावाचं भलंमोठं राज्य होणार, चार ठिकाणचे मास्तर एका यादीत बसणार आणि त्याआधी प्रत्येकाची छाननी होणार, असं गावभर झालं होतं. कुणी म्हणे डोळे तपासतात. कुणी म्हणे जिना चढायला लावतात. एका मास्तरांना इन्स्पेक्टरने मागून हळूच हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही म्हणून त्यांना तिथल्या तिथे घरी पाठवलं, ही बातमी देवास गेटच्या बसथांब्यावर ऐकली तेव्हा, एरवी तिच्यात भर घालणारा मी माणूस, पण तोंडातला पानाचा तुकडा न चावता गिळून घरी आलो.

कारण माझ्या आईला ऐकू येत नव्हतं.

हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि मलाही कळून वर्षच झालं होतं. एका संध्याकाळी गल्लीतली वीज गेली. आई चुलीपाशी. मी म्हणालो, "आई, काडेपेटी कुठे आहे?" उत्तर नाही. "आई!" गल्लीच्या टोकाची कुत्री भुंकायला लागली इतक्या जोरात ओरडलो. तरी नाही. चाचपडत जाऊन खांद्याला हात लावला तर ती अशी दचकली की हातातला चिमटा वाशाला लागला. कंदील पेटल्यावर तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"म्हणालास. दोनदा तरी. गळ्याच्या शिरा अजून फुगलेल्यात तुझ्या."

मग सगळं बाहेर आलं. मी लहान असताना तिला विषमज्वर झाला होता, त्याने कान नेले. अगदी कानाशी कोणी ओरडलं तर शब्द कळायचा, एरवी ओठांवरून. मी विचारलं, "वडिलांना माहीत होतं?"

"कंदील आपल्या तोंडाजवळ धरून बोलायचे ते. तुला वाटायचं, त्यांना कमी दिसतं."

शाळेत तिने काय शक्कल चालवली होती ती ऐका. तिच्या वर्गात उत्तर द्यायचं तर उभं राहायचं, मान वर, तोंड पूर्ण उघडायचं आणि शब्द सुटा सुटा टाकायचा. पुटपुटणाऱ्या मुलीला ती खाली बसवायची. अख्ख्या उज्जैनीत नाव झालं, की बाईंच्या मुलींचे उच्चार म्हणजे टाकसाळीतलं नाणं. भाषणांच्या स्पर्धेतले पेले आणून आणून त्या पोरींनी शाळेचं कपाट भरलं. आई बहिरी नसती तर ते कपाट रिकामंच राहिलं असतं.

कानात घालायचं यंत्र मुंबईला मिळतं, असं ऐकलं होतं. पण ते घालणं म्हणजे कपाळावर पाटी लावणं. त्यापेक्षा ओठ बरे.

आणि मग वरून फर्मान आलं. शाळेशाळेत रेडिओ बसेल, दुपारी विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम लागेल, तो चालू असताना एका शिक्षिकेने मुख्य मुद्दे फळ्यावर लिहीत जायचे आणि नंतर मुलींना प्रश्न विचारायचे. छाननीचे साहेब येतील तेव्हा हेच बघतील. मोठ्या बाई, ज्यांना सगळे 'बडी बहनजी' म्हणत, त्यांनी काम आईवर सोपवलं. "आपका उच्चारण सबसे शुद्ध है," म्हणाल्या.

आईने आयुष्यात मुली वाचल्या, शेजारणी वाचल्या, भाजीवाल्याच्या मिशीखालचे ओठसुद्धा वाचले. रेडिओला ओठ नव्हते.

त्या दिवशी ती घरी आली आणि तांदूळ निवडत बसली. निवडून झाले की पुन्हा ओतायची, पुन्हा निवडायची. मी समोर जाऊन उकिडवा बसलो.

"साहेब कधी येणार?"

"दिवाळीनंतर." तिने एक खडा बाजूला ठेवला. "यादीतून नाव गेलं तर मला शिवण येतं. तू घाबरू नकोस."

इंटरला दुसऱ्यांदा बसलेला मी, अंगात दहा माणसांचा आवाज आणि खिशात एकाचीही मिळकत नाही. ती तसं म्हणाली आणि मी घाबरलोच. भीती वाटली की मी गप्प बसत नाही, थापा मारतो. दुसऱ्या दिवशी सरळ बडी बहनजींपुढे जाऊन उभा राहिलो.

"बहनजी, पिछली बेंच की लड़कियों को रेडिओ सुनाई नहीं देता. बाहर से बड़ा स्पीकर जोड़ना पड़ेगा. फळ्याच्या बाजूला."

"तुम जोड़ लोगे?"

"मैं? अहो, कार्तिक मेले में घाट पर जितने लोग खोए, सब मैंने ही भोंगे से इकट्ठे किए हैं!"

खरं म्हणजे त्या मेळ्यात भोंगा बांधणाऱ्याची शिडी मी पाऊण तास धरली होती. पण बाईंनी मान डोलावली आणि शाळेच्या किरकोळ खर्चातून रक्कम दिली. रक्कम अशी, की तिच्यात भोंगा बांधायची दोरी बरी आली असती.

आता माझी चूक सांगतो. माझ्यासारख्या माणसाला मोठी वस्तू दिसली की बाकी काही दिसत नाही. देवास गेटजवळ लग्नाचे मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याचं दुकान होतं. त्याच्याकडे एक जुना स्पीकर विकायला होता. परातीएवढा! आत कुंभमेळा भरला असता. मी ती परात तांग्यात घातली, रविवारी शाळेच्या शिपायाकडून किल्ली घेतली, रेडिओच्या मागच्या दोन भोकांत वायरी खोचल्या आणि आईला फळ्यापाशी उभं केलं.

रेडिओवर कोणीतरी शेतीबद्दल बोलत होतं. परातीतून आवाज आला तो असा, जणू रांजणात तोंड घालून रेडा मंत्र म्हणतोय. मी आईकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी बटण वाढवलं. पुन्हा मान हलली. मी बटण शेवटपर्यंत पिळलं. आता आवाज मोठा नाही झाला, फाटला. तापलेल्या मेणाचा वास आला. मी वायर उपटली आणि खोक्याला हात लावला तर चटका.

सरकारी रेडिओ! साहेब यायच्या आधीच जळाला तर आईची नोकरी छाननीची वाटसुद्धा बघणार नाही. मी त्या खोक्यावर वहीने वारा घालत बसलो. आई म्हणाली, "काहीतरी मोठं होतं ते समजलं. काय होतं ते नाही समजलं."

परात आणि रेडिओ दोन्ही घेऊन मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे धावलो. लाउडस्पीकरवाल्याच्या पलीकडे त्याचं दुकान होतं, दुकान कसलं, फळीवर बसलेला माणूस आणि भोवती रेडिओंची आतडी. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, गालात पान. त्याने रेडिओचा पाठचा पुठ्ठा काढला, हुंगलं, आणि म्हणाला, "बच गया. थोड़ी देर और घुमाते तो वाल्व गया था." मग परात बघितली आणि हसून हसून त्याला ठसका लागला.

"भिया, ये रेडिओ कितना ज़ोर देता है, मालूम है? दो वाट. दो वाट में ये परात करवट भी नहीं लेती. इसको शादीवाली बड़ी मशीन चाहिए."

"पण मोठा स्पीकर म्हणजे मोठा आवाज ना?"

"किसने बोला? सस्ते रेडिओ को ऐसा स्पीकर चाहिए जो थोड़े में ज़्यादा बोले. और एक बात सुन लो. सस्ते रेडिओ का बटन आख़िर तक घुमाया कि वो चिल्लाता नहीं, फटता है. वो फटी आवाज़ ही स्पीकर की कॉईल को जलाती है. अच्छे-भले स्पीकर ऐसे ही मरते हैं."

मी हे सगळं नंतर पन्नास वर्षं लोकांना स्वतःचं म्हणून सांगितलं.

मग त्याने फळीखालून काय काय काढलं. एक नवाकोरा, चकचकीत, मागे चुंबक मात्र लिमलेटच्या गोळीएवढं. "देखने का है," म्हणून बाजूला ठेवला. एक भोंगा. तो बोलणं लांब नेतो, पण शब्दाबरोबर ठणठणाट नेतो. शिवाय वर्गात भोंगा लागला की पोरी पंगतीला बसतील. शेवटी त्याने एक काळा, पत्रा पोचलेला स्पीकर काढला, जेवणाच्या ताटलीएवढा. महूच्या लष्करी छावणीतल्या जुन्या सामानाच्या लिलावातून आलेला. दिसायला असा, की लढाई हरून आला असावा. पण मागे चुंबक! मिस्त्रीने कात्री जवळ नेली ती हातातून सुटून चिकटली. माझ्या आठवणीत तर रस्त्यावरच्या तांग्याच्या घोड्याचा पुढचा पायही दुकानाकडे ओढला गेला होता.

मिस्त्रीने दोन्ही अंगठ्यांनी त्याचा कागदी पडदा हलकेच आत दाबला आणि कान लावला. "घिसता नहीं. काग़ज़ मोटा, किनारी साबुत. गिरे, पड़े, धूल खाए, चलेगा. मैं और आप नहीं रहेंगे, ये बोलेगा."

"बोललेलं कळेल?"

तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. "किसको?"

माझ्या मानेवरून घामाचा ओघळ निघाला तो थेट चपलेत उतरला. "पिछली बेंच की लड़कियों को," मी म्हणालो.

"तो कल पिछली बेंच को ले आओ," मिस्त्री म्हणाला आणि परात परत घेण्याबद्दल मंडपवाल्याला हाक मारायला उठला.

दुसऱ्या दिवशी आईला दुकानी नेलं; रेडिओ तिथेच ठेवला होता. तिला मी वाटेत तीनदा सांगितलं, ओठ बघायचे नाहीत. ती म्हणाली, "रेडिओचे बघू का?" दुकानापाशी येताच तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मिस्त्रीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. सोवळी, मर्यादशील बाई परक्या पुरुषासमोर उभी राहते तशी. बघणाऱ्याला वाटावं, बस येते का बघतेय. एरवी दोनशे मुलींना धाकात ठेवणारी ही बाई! परीक्षा द्यायची ती जागा मात्र तिने अचूक धरली होती.

मिस्त्रीने आधी चकचकीत लावला. आईने कपाळाला आठी घातली. भोंग्याला तिने जवळजवळ पाऊल मागे घेतलं. मग काळा. बातम्या चालल्या होत्या. बटण अर्ध्याच्या थोडं पुढे. आई रस्त्याकडे बघत उभी, आणि मी तिच्या समोर, तिच्या चेहऱ्याकडे बघत. इतकी भीती मला म्हशीवर नव्हती वाटली. एक वाक्य गेलं. दुसरं गेलं. तिचे ओठ हलायला लागले. रेडिओ जे म्हणत होता ते ती हळू आवाजात, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, म्हणत होती. कुठल्याशा धरणाचं काम, कुठल्याशा मंत्र्याचा दौरा. ओठांशिवाय, पाठमोरी, ऐकून. तिने मला दंडाला धरलं आणि म्हणाली, "हा घे."

मिस्त्रीने त्याच्या वायरी सोडवल्या. स्पीकर कागदात गुंडाळताना एवढंच म्हणाला, "माताजी को बोलना, कोने में टाँगे. दो दीवारें मुफ़्त में आवाज़ बढ़ाती हैं. और लकड़ी का खोका बनवाना, पतली पट्टी का नहीं." मग पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्याने रेडिओच्या बटणाशेजारी एक पांढरा ठिपका लावला. "इसके आगे नहीं. क़सम है."

खोका सुताराने जुन्या बाकाच्या फळ्यांचा केला. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, आईच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, तो टांगला. दिवाळीच्या तोंडावर नवं राज्य झालं, मिरवणुका निघाल्या, पेढे वाटले गेले. मी माझा पेढा खिशातच ठेवला. रोज दुपारी शाळेच्या खिडकीबाहेर उभा राहून मी आईची पाठ बघायचो. दहातले आठ शब्द ती पकडायची, दोन पुस्तकातून भरायची. खडू थांबला की माझा श्वास थांबायचा. सुट्टीनंतरच्या दिवसांत मी इतके श्वास रोखले, की आजही माझ्याकडे शिल्लक आहेत.

साहेब आले त्या दिवशी बडी बहनजींनी मला 'रेडिओ का मिस्त्री' म्हणून हजर ठेवलं होतं. मी फाटकाशी. साहेब तांग्यातून उतरले, उंच, कोट, हातात छत्री, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून शाळेची पाटी वाचायला लागले. मागून दुसरा तांगा भरधाव. तांगेवाला घंटा बडवतोय, "हटो बाबूजी! अरे हटो!" बोंबलतोय. साहेब हलेनात! मी धावून त्यांचा कोट ओढला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच तांग्याखाली गेलो असतो तर बरं. केवढी ही मिजास, मी मनात म्हटलं, तांग्यानेसुद्धा थांबावं. आता आईचं काही खरं नाही.

आत तर आणखी भलतंच. साहेब ज्या शिक्षिकेशी बोलायचे तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. डोळ्यांकडे नाही, नमस्काराकडे नाही, ओठांकडे. कोणी मान खाली घालून उत्तर दिलं, की "ज़रा सामने आकर, साफ़ बोलिए!" असे खेकसायचे. शिवणाच्या बाई तर रडकुंडीला आल्या. बडी बहनजी व्हरांड्यात माझ्या कानाशी पुटपुटल्या, "इस आदमी की नज़र ठीक नहीं."

माझं रक्त तापलं आणि त्याच क्षणी गोठलं. मी काय करणार होतो? माझ्या आईची नोकरी त्याच्या खिशातल्या पेनात होती.

वर्गात आले. चाळीस मुली उभ्या राहून बसल्या. आई फळ्यापाशी, हातात खडू. साहेब मागच्या भिंतीशी, खुर्चीवर. मी रेडिओपाशी. कार्यक्रम लागला, नद्यांबद्दल होता. बटण चुन्याच्या ठिपक्याच्या आत. आईने फळ्यावर लिहिलं: नर्मदा, उगम. खडू पळायला लागला. मला वाटलं, सुटलो.

"आवाज़ कम है," साहेब मागून म्हणाले.

मी ठिपक्यापर्यंत नेलं.

"कम है!"

"साहब, इसके आगे..." मी चुन्याच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. बडी बहनजी पुढे आल्या, साहेबांची मर्जी राखायला, आणि क़समबिसम काही माहीत नसलेल्या त्या बाईने बटण गरकन शेवटपर्यंत फिरवलं.

नर्मदा वर्गात शिरली! खिडक्यांची तावदानं थरथरली, कौलांवरची सगळी कबुतरं उडाली ती मंदिराच्या शिखरावर जाऊन बसली, आणि मला नंतर कोणी सांगितलं, पार गावाबाहेर नानाखेड्याला बसची वाट बघणाऱ्यांनी पुलाखाली पाणी आलं का म्हणून वाकून पाहिलं. चाळीस मुलींनी चाळीस जोड्या हात कानांवर दाबले. बडी बहनजींनी दाबले. मी दाबले.

आईने नाही दाबले. स्पीकर तिच्या कानापासून हातभर, आणि ती शांतपणे 'उपनद्या' लिहीत होती. एकदासुद्धा खांदा हलला नाही. वर्गाकडे तिची पाठ, आमचे हात तिला दिसतच नव्हते. बहिऱ्या बाईचं याहून स्वच्छ प्रमाणपत्र कोणी फळ्यावर लिहिलं नसतं.

मला वाटलं, ओरडावं. आग लागली म्हणावं. आजारी पडावं. पायांनी ऐकलं नाही. मी साहेबांकडे पाहिलं, कारण सगळं तिथेच संपणार होतं. साहेब खुर्चीत मागे रेलून बसले होते. हात मांडीवर. दोन्ही. एक बोट छत्रीच्या मुठीवर ताल दिल्यासारखं हलत होतं. सकाळपासून पहिल्यांदा त्या चेहऱ्यावरची सगळी कडवट मेहनत उतरली होती.

"हाँ," ते म्हणाले, "अब ठीक है."

मी थिजलो. मला काही कळलं नाही. भ्यालेल्या माणसाला समोरचं दिसतं, समजत नाही. कार्यक्रम संपेपर्यंत ते तसेच बसले आणि स्पीकर तसाच गर्जत राहिला. फाटक्या आवाजात, पण पोचलेल्या पत्र्याचा तो शिपाई ना जळला ना थांबला. कार्यक्रम संपता संपता रेडिओच्या आतला एक वाल्व मात्र कायमचा गेला. नंतर साहेब उठून आईपुढे उभे राहिले आणि त्यांनी दोन प्रश्न विचारले. ते तिच्या ओठांकडे बघत होते, ती त्यांच्या. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, पुन्हा ठेवलं, आणि जाता जाता माझ्याजवळ थांबले.

"ये स्पीकर तुमने लगाया? कल चार बजे, देवास गेट. अकेले आना." आणि अहवालाचा कागद न लिहिताच घेऊन गेले.

घरी येईपर्यंत मी तीन वेळा मेलो होतो. पैसे मागणार, नाहीतर माझ्याकडून लिहून घेणार की आई बहिरी आहे. दुसरं काय? आई चहा गाळत होती. मी तिच्या समोर बसून सगळं सांगितलं, बटण, हात, कान. मुलींनी कान झाकल्याचं ऐकून तिच्या हातातली गाळणी तशीच थांबली, थेंब ओट्यावर पडत राहिले.

"आणि साहेबांनी?"

"त्यांनी नाही झाकले."

तिने गाळणी खाली ठेवली. ओट्यावरचे थेंब पुसले.

"मला प्रश्न विचारले तेव्हाच वाटलं होतं," ती म्हणाली. "मी मुद्दाम दुसऱ्या उत्तराला मान खाली घातली. लगेच वाकले, माझं तोंड बघायला." चहाचा कप तिने माझ्यापुढे सरकवला. "यादी सगळ्यांचीच लागतेय रे. इन्स्पेक्टरांचीही. उद्या जाशील तर त्यांच्या समोर उभा राहून बोल. पान खाऊ नकोस. ओठ दिसले पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी चार वाजता साहेब देवास गेटला उभे होते, बसच्या गर्दीपासून जरा दूर. मी समोर गेलो, तोंड पूर्ण उघडलं आणि आईच्या वर्गातल्या मुलीसारखा शब्द सुटा सुटा टाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं, की मला कळलंय. माझ्याही आलं, की त्यांच्या लक्षात आलं. त्या क्षणी आम्ही दोघे सारखेच घाबरलेलो होतो. हे मी वाढवून सांगत नाही.

"मेरे घर पर एक छोटा रेडिओ है," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "सस्ता ही है. बच्चे ज़रा... ज़ोर से सुनते हैं."

"बच्चे तो सुनते ही हैं, साहब," मी म्हणालो. "उनको थोड़े में ज़्यादा बोलनेवाला स्पीकर चाहिए. आइए."

कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी घडी केलेला कागद काढला. आईचं नाव होतं, नावापुढे दोन ओळी होत्या आणि खाली सही होती. त्यांनी तो मला वाचू दिला आणि परत ठेवला. आईने पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच वर्गात शिकवलं आणि काळा स्पीकर तिच्याही नंतर तिथे बोलत राहिला. पण त्या वेळी मला एवढंच दिसलं, की 'योग्य' हा शब्द त्यांनी जरा दाबून लिहिला होता.

मिस्त्री फळीवर बसला होता. मी म्हणालो, "महू का माल और है?" त्याने जाड भिंगांतून आधी मला पाहिलं, मग साहेबांना. पान दुसऱ्या गालात सारलं. फळीखाली हात घातला.

साहेबांनी मला विचारलं, "मैं कहाँ खड़ा रहूँ?"

मी त्यांना ती जागा दाखवली. त्यांनी छत्री टेकली, दुकानाकडे पाठ केली आणि बस येते का बघावं तसे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.